निऱ्यांचा डाव

मास्तर गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता मधेच थांबत. टेप गिऱ्हाइकाच्या काखेखालून फिरवलेला, त्याची दोन्ही टोकं मास्तरांच्या चिमटीत, आणि मास्तरांची नजर भलतीकडेच. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग मास्तर विचारत, "भाऊ, लहानपनी तुमी कोनता खेळ खेळत होते?"

"गोट्या," गिऱ्हाईक कसंबसं म्हणे.

"गोट्या नाई. गोट्या समद्यायले माहीत हायेत. दुसरा सांगा."

दुसरा आठवेपर्यंत टेप सुटत नसे. रोखलेल्या श्वासाचंच माप वहीत जाई, म्हणून मास्तरांचे सदरे गावभर दोन बोटं सैल असत. लोकांना त्याची सवय झाली होती. उन्हाळ्यात तर ते सोयीचंच पडे.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं आणि मी मुलींच्या शाळेत पहिल्याच नोकरीवर रुजू झाले होते. खोली शोधायला निघताना मी चार अटी कागदावर लिहून नेल्या होत्या: नळ जवळ, आतून कडी, खिडकी पूर्वेला आणि नसत्या चौकशा न करणारा घरमालक. मास्तरांच्या शिंपीदुकानामागच्या खोलीत पहिल्या तीन अटी पूर्ण झाल्या. चौथीपुढे मी फुली मारली, कारण किल्ली हातात देण्याआधीच मास्तरांनी विचारलं, "बाई, तुमच्या गावाकडे पोरी पटावरचं काय खेळतात?"

"चंफूल. कवड्या नसल्या तर चिंचोक्यांवर."

"मले माहीत नाई असं काई?"

"नाही."

ते खट्टू झाले. पण किल्ली दिली.

मास्तरांना आयुष्यात एक नवा खेळ काढायचा होता. जुन्या खेळाला नवं नाव नव्हे, नवी चाल. अशी चाल, जी आजवर कोणत्याही पटावर कोणी खेळलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. "सोंगट्या कोनीतरी पयल्यांदा मांडल्याच असतीन ना, बाई? वाघ-बकरी कोनीतरी काढलीच असन. तो मानूस काई आभायातून पडला नसन. जेवून-खाऊन कुठंतरी ओट्यावरच बसला असन. मंग मी काहून बसू नाई?"

 

पट मांजरपाटाचे, घरं शिलाईच्या टिपांनी आखलेली, सोंगट्या म्हणजे गुंड्या. कोटाच्या काळ्या एका बाजूला, सदऱ्याच्या पांढऱ्या दुसऱ्या बाजूला. एखादी कमी पडली तर मास्तर स्वतःच्या अंगातल्या सदऱ्याची तोडून घेत. त्यामुळे गावातला सगळ्यांत चांगला शिंपी कायम दोन गुंड्या कमी असलेला सदरा घालून बसलेला असे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या लावून देत आणि चार दिवसांनी त्या पुन्हा पटावर दिसत.

त्यांचे काही नियम होते आणि ते त्यांनी कधी मोडलेले मी पाहिले नाहीत. नवा खेळ शिकवायला बसताना ते आधी बशीत चहा ओतत. नियम सांगून होईपर्यंत चहा थंड झाला, तर खेळ बाद. दुसरा नियम: "एका खेळात एकच नवी गोष्ट पायजे. दोन असल्या की मानूस घाबरते. एकबी नसली तं झोपते." तिसरा सगळ्यांत गमतीचा. दोन गिऱ्हाइकांना पटावर बसवलं की मास्तर त्यांच्याकडे पाठ करून मशीनवर बसत आणि मागे अजिबात वळून पाहत नसत. फक्त ऐकत. पायडलचा आवाज चालू असे. मागून कोणी ओरडलं, "ए, हे नाई चालत!" की पायडल क्षणभर थांबे. तेवढ्यावरून मी ओळखे की आता पाठीपलीकडे मास्तर हसताहेत. दहा मिनिटांत भांडणच झालं नाही, तर ते पट गोळा करून आतल्या पेटीत टाकत. "खेळनारे एकमेकाले 'घ्या ना, तुमीच घ्या' म्हनू लागले म्हनजे खेळ मेला, बाई."

खेळ कुठेही सुचे, आणि सुचला की हातात असेल त्या कापडावर ते आखून ठेवत. रिसोडच्या एका नवरदेवाची बेलबॉटम शिवायला आली होती. तिच्या मागच्या भागावर त्यांनी निळ्या पेन्सिलीनं पंचवीस घरं आखली आणि पुसायचं विसरून तशीच शिवून दिली. वरातीत नवरदेव घोड्यावर असेपर्यंत ठीक होतं. तो उतरला आणि मागून चालणाऱ्या वऱ्हाड्यांना पट दिसला. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचे मामा दुकानात येऊन तासभर बोलले. मास्तरांनी सगळं मान खाली घालून ऐकलं आणि शेवटी हळूच विचारलं, "पन मामा, घरं पाहून कोनाले काई सुचलं का?"

मी वही सुरू केली ती माझ्या सोयीसाठी. मास्तर दोन महिन्यांपूर्वी टाकून दिलेला खेळ नवा म्हणून मला पुन्हा शिकवू लागले. तिसरा आणि अकरावा खेळ एकच होता हे मला आठवलं, त्यांना नाही. मग मी एका शंभर पानी वहीत तीन रकाने आखले: खेळाचं नाव, चाल, आणि कुठून. तिसरा रकाना मास्तरांच्या आग्रहानं. "उचललेलं असन तं कुठून उचललं ते लिवलंच पायजे," ते म्हणाले. "मले कोनी फसवलं तं चालन. मी मले फसवू नाई."

पण तिसरा रकाना भरायचं काम मास्तरांचं नव्हतं. ते गँगमन बाबांचं.

बाबा मेडशीचे. तीस वर्षं रेल्वेच्या रुळांवर कामाला होते. गँगचा तंबू जिथं पडेल तिथं जे मजूर येत, त्यांचे खेळ त्यांनी शिकून घेतले होते. निवृत्तीनंतर दर बाजाराच्या दिवशी ते एसटीनं वाशीमला येत, बाजार करत आणि दुपारी मास्तरांच्या ओट्यावर टेकत. मास्तर मशीनवरून उठून म्हणत, "जय भीम, बाबा. या, मरन घेऊन या माह्या खेळाचं."

"जय भीम. दाखवा, काय नवं हाये ते."

बाबा तीन-चार चाली खेळत. मग डोक्यावरची टोपी मागे सरकवत आणि म्हणत, "हा तं..." हे दोन शब्द आले की संपलं. "हा तं चौपट हाये, फक्त कवड्या काढल्या." "हा तं आमच्या गँगमधला एक तेलंगी पोरगा मातीत खेळे." एका खेळात मास्तरांनी डोळे बांधून, गुंडीची भोकं बोटांनी चाचपून चाल करायला लावली होती. बाबा म्हणाले, "हा तं मुठीतले गजगे मोजाचाच डाव, आंधारात खेळला." मी रकान्यात लिहून टाके.

एकदाच ते अडखळले होते. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात, ते पाहून मास्तरांनी खेळ काढला. आधी चिंधी टाकून घर धरायचं, मग गुंडीनं तिथं पोचायचं. बाबा बराच वेळ खेळले. मग म्हणाले, "हा तं रिसोडची गाडी हाये, मास्तर. लोक रोजच खेळून राह्यले. इथं अजून कायले?" त्या खेळात भांडण भरपूर झालं होतं, दोघा गिऱ्हाइकांनी एकमेकांना कोपरानं ढकललंही होतं. तरी मास्तरांनी तो बाद केला. "कुठून" या रकान्यात त्यांनी स्वतः सांगितलं, "बसस्टँड."

काकूंना या सगळ्यात रस नव्हता. त्यांना ओटा रिकामा हवा असे. दुकान आठ फुटांचं, बसायला एकच सतरंजी, आणि तिच्यावर मधोमध पट. गिऱ्हाईक आलं की काकू एका हातानं पट कापडासकट बाजूला सारत. गुंड्या घरंगळत मशीनखाली. मास्तर कळवळत, "अवं, डाव मोडला ना!"

"मंग गिऱ्हाइकाले डोक्यावर बसवू?" काकू म्हणत. "तुमचा डाव मोडला तं पुन्हा मांडता येते. गिऱ्हाईक गेलं तं मांडता येत नाई."

सव्विसावा खेळ बाद झाला त्या दिवशी बाबांनी दुसरी एक बातमी दिली. दसऱ्याला ते नेहमीप्रमाणे दीक्षाभूमीला नागपूरला जाणार होते, पण यंदा परत येणार नव्हते. मुलगा तिकडे नोकरीला होता, सून चांगली होती, गुडघे दुखत होते. "आता तिकडंच राह्यतो, मास्तर."

मास्तर हसले, "चांगलं झालं," म्हणाले. आणि मग आठ दिवस गप्प शिवत बसले. गिऱ्हाइकांचे सदरे बरोबर मापाचे होऊ लागले. काकू माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "बाई, मानूस चूप झाला की मशीन लय आवाज करते वो. तुमी काई बोला न त्यायले."

मी गेले. मास्तर गुंड्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. "बाई, दुसरे लोक 'वा मास्तर' म्हनतात. त्याच्यानं काई समजत नाई. हा एकच मानूस हाये ज्यानं समदे खेळ पाह्यले. त्यानं 'हा तं' म्हटलं नाई, तं तो खेळ खरंच नवा. तो गेल्यावर मी कोनाले इचारू?" मग डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "दसऱ्याच्या आधी एकच बाजार राह्यला. त्या दिवशी जमलं तं जमलं. नाई तं ह्या गुंड्या काकूच्या. ब्लाउजायले लावून टाकन ती."

सत्ताविसाव्या खेळावर त्यांनी जीव ओतला. सहा उभ्या रांगा, सहा आडव्या. प्रत्येकी सहा गुंड्या, एका वेळी एक घर, आणि ज्याच्या गुंड्या आधी समोरच्या काठावर पोचतील तो जिंकला. घरं पकडायचे काही डावपेच होते, ते आता महत्त्वाचे नाहीत. महत्त्वाचं इतकंच की त्या दिवशी तरी काकूंनी पट सारू नये, म्हणून मास्तरांनी कोळशाची गार इस्त्री पटाच्या आपल्या बाजूच्या कडेवर ठेवून दिली. चांगली पाच-सहा शेर वजनाची असेल.

शाळेला सुट्टी होती. मी वही घेऊन दारात बसले. बाबा आले, चहा बशीत ओतला गेला, नियम सांगून झाले, चहा गरमच होता. दोघं खेळू लागले. सहा-सात चाली झाल्या आणि बाबांचा हात टोपीकडे गेला. 

"हा तं," बाबा अगदी हळू म्हणाले, "हा तं खांडव्याकडच्या मजुरायचाच हाये, मास्तर. कपडे चांगले घातले तुमी त्याले. पन तोच हाये."

 मास्तरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे लिहा. मी पेन उघडलं.

तेवढ्यात दसऱ्याच्या ब्लाउजचं कापड घेऊन एक बाई ओट्याशी आली. काकू आतून बाहेर आल्या आणि नेहमीसारखा एका हातानं पट सारला. पण पलीकडे इस्त्री होती. पट सरकला नाही. मधेच गोळा झाला. काकूंच्या बोटांना रोजची सवय; साडीच्या घालतात तशा त्यांनी त्या गोळ्याच्या दोन निऱ्या घातल्या, वर लाकडी मीटरपट्टी ठेवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्या बाईला बसवलं. एकही गुंडी पडली नाही.

"अवं, डाव मोडला ना!" मास्तरांच्या तोंडून सवयीनंच निघालं.

"मोडला कुठं? आवरला," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी निऱ्या उलगडायला हात पुढे केला.

"मास्तर, हात नका लावू," बाबा म्हणाले. "चाल माही हाये." ते पटावर वाकले होते. त्यांनी निरीच्या कडेची एक काळी गुंडी उचलली आणि शेजारच्या घरात ठेवली. ते शेजारचं घर मास्तरांच्या अगदी काठावरचं होतं. "पोचली."

"पोचली कशी? मधल्या दोन रांगा?"

"कुठं हायेत? दाखवा."

"निऱ्यायत गेल्या न त्या!"

"मंग गेल्या तं गेल्या. मी येकच घर चाललो."

"अन् माही पांढरी? ती कुठं गेली?"

"निरीत अडकली. बसन थोडा वेळ."

"हे नाई चालत!" मास्तर ओरडले. आणि ओरडता ओरडता थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. ते पटापासून थोडे मागे झाले, चष्मा पुसला, पुन्हा पुढे आले. त्यांची चाल होती. त्यांनी गुंडीला हात लावला नाही. मीटरपट्टी उचलली, एक निरी मोकळी केली आणि तीच निरी दुसऱ्या टोकाला, बाबांच्या दोन गुंड्यांवर घातली.

"हे चालते?" बाबांनी विचारलं.

"चालते का नाई, कोनाले मालूम? पयल्यांदाच खेळून राह्यलो."

आता बाबांनी लगेच ती निरी उलगडायला हात घातला, तशा काकू उभ्याउभ्याच कडाडल्या, "घातली नाई तं लगेच उस्कटता कायले? येक चाल तं राहू द्या! मी दिवसभर आवरावं अन् तुमी उस्कटावं?"

दोघं पुरुष एकमेकांकडे पाहत राहिले. "बरोबर हाये," बाबा म्हणाले. "येक चाल उस्कटाची नाई." मी वहीत लिहून घेतलं. त्या खेळाचा तो सगळ्यांत चांगला नियम आहे.

पुढचा तासभर काय भांडण झालं! गुंडी निरीत अर्धी गेली तर अडकली की नाही, निरी दोन घालायच्या की तीन. ब्लाउजवाल्या बाईनं आधी मास्तरांची बाजू घेतली, मग बाबांची, आणि माप न देताच घरी गेली. चहा बशीत गारढोण पडला. पण नियम सांगायला वेळ लागलाच नव्हता, कापडाला निरी घालायची एवढंच सांगायचं होतं, आणि ते सांगावं लागत नाही.

शेवटी बाबा हरले. टोपी मागे सरकवली.

"हा तं..." ते म्हणाले.

मास्तरांनी डोळे मिटले.

"हा तं... खांडव्याकडे नाई पाह्यला. पूर्नेकडेबी नाई." बाबा बोटं मोजत होते. "तेलंगी पोट्टे... नाई. ते वेगळं. हा तं..." ते थांबले. त्यांचं वाक्य पुरं होईना, आणि मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. "मास्तर, हा कुठंच नाई पाह्यला."

मास्तर उठले, मशीनवर जाऊन बसले आणि पायडल मारू लागले. मशीनवर कापड नव्हतं. सुईत दोराही नव्हता. नुसती मशीन पळत होती, आणि यावेळी त्यांचं तोंड आमच्याकडे होतं.

थोड्या वेळानं मी माझं काम केलं. "मास्तर, तिसरा रकाना. कुठून?"

मशीन थांबली. माझी खात्री होती की ते म्हणतील, रिकामा सोडा. इतके दिवस त्या रिकाम्या रकान्यासाठीच तर चाललं होतं.

"'काकू' असं लिवा," ते म्हणाले. "खोटं कायले बोलू?"

बाबा तो पट घेऊन नागपूरला गेले. मास्तर पुढे शिवायला आलेल्या प्रत्येक कपड्यासोबत कातरणाचा एक छोटा पट फुकट देऊ लागले, आणि त्यांचे सदरे पुन्हा सैल होऊ लागले.

दोन-तीन वर्षांनी माझी बदली झाली. एकदा कामानिमित्त मेडशीला जाऊन परतीच्या एसटीसाठी थांब्यावर उभी होते. झाडाखाली दोन बायका बसल्या होत्या, तुरीच्या शेतातून आलेल्या. दोघींमध्ये एक दुपट्टा पसरलेला, त्यावर कोळशाच्या रेघा, चिंचोके आणि खडे. त्यांतली एक दुसरीच्या हातावर चापट मारून म्हणाली, "लगेच उस्कटाची नाई! येक चाल राहू द्याची, माहीत नाई का तुले?"

मी जवळ गेले. विचारलं, "हा खेळ कुठला?"

"कुठला म्हनजे?" ती माझ्याकडे वेड्यासारखी पाहत म्हणाली. "आमचाच हाये. पयल्यापासून हाये."

वही माझ्या पिशवीतच होती. ती मी कुठेही नेत असे. नाव, चाल, कुठून, सगळं दाखवता आलं असतं. मी दाखवलं नाही. गाडी आली तरी त्या उठल्या नाहीत.

त्या रविवारी मी मुद्दाम वाशीमला गेले. मास्तरांनी एका माणसाच्या छातीला टेप लावला होता. मी झालेलं सगळं सांगितलं, आणि शेवटचं वाक्य त्या बाईच्याच आवाजात सांगितलं. मास्तरांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं होतं.

"पयल्यापासून म्हने!" मास्तर आत पाहून ओरडले. "ऐकलं का वं? आपला खेळ पयल्यापासून हाये म्हने!"

काकू वाळलेलं लुगडं घडी करत बाहेर आल्या.

"मंग खोटं काय सांगितलं तिनं? निऱ्या पयल्यापासूनच हायेत," त्या म्हणाल्या. "तुमालेच दिसाले उशीर लागला."